'सी' भाषेतील हेडर फाइल : हेतू आणि उपयोग



आपल्या संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील मुले-मुली येतात. कोणी पॉलिटेक्निकला आहे, कोणी बी.सी.ए.ला, दोघे-तिघे अभियांत्रिकीला. या मुलांना मी दरवर्षी एक साधा प्रश्न विचारतो. 'सी' भाषेतील प्रोग्रॅमची पहिली ओळ कोणती? सगळे एका सुरात उत्तर देतात, "हॅश इन्क्लूड एसटीडीआयओ डॉट एच." मग मी विचारतो, ही ओळ कशासाठी लिहायची? येथे वर्ग शांत होतो. एखादा धीर करून म्हणतो, "सर, ती लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही." दुसरा म्हणतो, "प्रिंटएफ त्या फाइलमध्ये असतो." यातले पहिले उत्तर म्हणजे उत्तरच नव्हे आणि दुसरे चुकीचे आहे. आपल्या वर्गातील एका मुलीला नोकरीच्या मुलाखतीत नेमका हाच प्रश्न आला होता. तिला गुण चांगले होते, पण उत्तर देता आले नाही. परत आल्यावर ती मला म्हणाली, "काका, इतकी वर्षे मी ही ओळ लिहीत आले, पण ती करते काय हे मला कोणी सांगितलेच नाही, आणि मीही विचारले नाही." प्रस्तुत लेख तिच्या त्या बोलण्यावरून लिहिला आहे.

केवळ परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः तपासा, अशा आशयाचा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले जाते ते याच अर्थाने, म्हणजे या आणि पाहा. हेडर फाइल ही तर उघडून पाहण्याचीच वस्तू आहे. ती काही गुप्त नाही. तरीही हजारो विद्यार्थी ती न उघडताच पदवीधर होतात, याचे मला नवल वाटते.

एक खुलासा आधीच करतो. मी कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. 'सी' भाषा मी नोकरी लागल्यावर, संध्याकाळच्या खाजगी क्लासला जाऊन शिकलो. त्यामुळे माझे दाखले बँकेतले असणार, ते चालवून घ्यावेत. दुसरे असे की, या लेखातील प्रोग्रॅमच्या ओळी छपाईच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप कराव्या लागतात. एस, टी, डी, आय, ओ ही अक्षरे म्हणजे 'स्टँडर्ड इनपुट आउटपुट' याचे लघुरूप. दरवर्षी निदान दोन मुले त्याचे 'स्टुडिओ डॉट एच' करतात आणि फाइल सापडत नाही म्हणून कंपायलरवर रागावतात.

साताऱ्याचा ड्राफ्ट, सांगलीची शाखा

कोअर बँकिंग येण्यापूर्वीची पद्धत आपल्यातील जुन्या सभासदांना आठवत असेल. साताऱ्याच्या माणसाला सांगलीत पैसे द्यायचे असले की तो येथील शाखेतून सांगलीवर डिमांड ड्राफ्ट काढीत असे. तो ड्राफ्ट सांगलीच्या काउंटरवर गेला की तेथील कारकुनापुढे प्रश्न असे की, सही करणारा साताऱ्याचा अधिकारी आपण जन्मात पाहिलेला नाही, तर ही सही खरी मानायची कशी? त्यासाठी प्रत्येक शाखेत नमुना सह्यांचे पुस्तक ठेवलेले असे. त्यात अधिकाऱ्याचे नाव आणि त्याच्या सहीचा नमुना असे. कारकून पुस्तक उघडून सही ताडून पाही, जुळली की ड्राफ्ट पुढे जाई. अधिकारी मात्र साताऱ्यातच आपल्या खुर्चीवर बसलेला असे. तो काही पुस्तकात बसून सांगलीला येत नसे.

हेडर फाइल म्हणजे हे नमुना सह्यांचे पुस्तक. 'प्रिंटएफ' हे फंक्शन, म्हणजे पडद्यावर अक्षरे उमटवण्याचे प्रत्यक्ष काम करणारा मजकूर, त्या फाइलमध्ये नसतो. तो आधीच कंपाइल करून लायब्ररीत ठेवलेला असतो. हेडर फाइलमध्ये असते ती त्याची फक्त ओळख: या नावाचे एक फंक्शन आहे, त्याला पहिल्यांदा अक्षरांची एक माळ द्यावी लागते, त्यापुढे कितीही गोष्टी देता येतात आणि ते एक पूर्णांक परत करते. एवढे सगळे एका ओळीत मावते:

इंट प्रिंटएफ(कॉन्स्ट चार *फॉरमॅट, ...);

या ओळखीला डिक्लेरेशन म्हणजे घोषणा म्हणतात. फंक्शनचा प्रत्यक्ष मजकूर म्हणजे डेफिनिशन. घोषणा आणि डेफिनिशन यांतला फरक ज्याला कळला त्याला हेडर फाइलचे तीन चतुर्थांश ज्ञान झाले असे समजावे.

ही ओळख आधी द्यावी लागते, कारण 'सी'चा कंपायलर फाइल वरून खाली वाचत जातो आणि एका वेळी एकच फाइल वाचतो. शेजारच्या फाइलमध्ये काय लिहिले आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. प्रोग्रॅम तयार होण्याच्या पायऱ्या साधारण अशा. आधी प्रीप्रोसेसर येतो. हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी हे त्याचे काम. 'इन्क्लूड' दिसले की तो ती फाइल उघडतो आणि तिचा मजकूर जसाच्या तसा त्या जागी चिकटवतो. यापलीकडे तो काही करत नाही. मग हा जोडलेला मजकूर कंपायलरकडे जातो. तो व्याकरण व प्रकार तपासून यंत्राच्या भाषेतली फाइल तयार करण्याची व्यवस्था करतो. शेवटी लिंकर येतो. तो निरनिराळ्या फाइली आणि लायब्ररी एकत्र जोडतो व ज्या नावाने हाक मारली आहे त्या नावाचे फंक्शन खरोखर कोठे आहे ते शोधतो. सह्यांचे पुस्तक कंपायलरच्या टेबलावर असते. साताऱ्याचा अधिकारी प्रत्यक्ष शोधून काढणे हे लिंकरचे काम.

आता हे तपासून पाहू. लिनक्सवर जीसीसी कंपायलर असेल तर पाच ओळींचा साधा प्रोग्रॅम लिहावा आणि कंपायलरला मोठ्या लिपीतील 'ई'चा पर्याय उणे चिन्हासह द्यावा. म्हणजे तो प्रीप्रोसेसरपाशीच थांबतो आणि चिकटवलेला मजकूर दाखवतो. पाच ओळींच्या जागी शेकडो ओळी दिसतील. त्यांत 'प्रिंटएफ' शोधावा. एका ओळीची घोषणा सापडेल, फंक्शनचा मजकूर सापडणार नाही. तुमच्या पाच ओळी अगदी तळाशी असतील.

दुसरा पुरावा याहून पक्का आहे. वापरणाऱ्याने दिलेल्या संख्येचे वर्गमूळ काढणारा प्रोग्रॅम लिहा आणि 'मॅथ डॉट एच' इन्क्लूड करा. लिनक्सवर तो साध्या आज्ञेने जोडू गेलात तर लिंकर तक्रार करतो की वर्गमूळाचे फंक्शन सापडत नाही. विद्यार्थी गोंधळतात, "सर, हेडर तर घातली आहे!" हेडर घातली आहे म्हणून कंपायलर गप्प बसला. पण गणिताची लायब्ररी वेगळी असते आणि ती जोडायला आज्ञेच्या शेवटी 'उणे एल एम' लिहावे लागते. ते लिहिले की काम होते. पुस्तक आणि अधिकारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे याहून स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसणार नाही.

थोडा इतिहास

'सी' भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज येथे १९७२ च्या सुमारास घडवली. पहिल्या अवतारात प्रीप्रोसेसर नव्हता. तो १९७२-७३ च्या दरम्यान आला, काही अंशी अ‍ॅलन स्नायडर यांच्या आग्रहामुळे. सुरुवातीला त्यात दुसरी फाइल आणून चिकटवणे आणि साधी नावे बदलणे एवढेच होते. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी त्यात भर घातली. रिची व ब्रायन कर्निघन यांचा या भाषेवरील ग्रंथ १९७८ साली निघाला. त्या काळच्या घोषणेत फंक्शन काय परत करते एवढेच सांगत. त्याला काय द्यायचे हे सांगण्याची सोय नव्हती. ती १९८९ च्या अमेरिकन मानकाने आणली आणि कल्पना घेतली 'सी प्लस प्लस'कडून. त्या मानकात १५ हेडर फाइली होत्या. १९९९ च्या मानकात त्या २४ झाल्या, २०११ च्या मानकात २९ आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकात ३१.

या इतिहासातली एक गोष्ट आपल्या मुलांच्या कामाची आहे. १९८९ च्या मानकापर्यंत असा नियम होता की, ओळख न दिलेले फंक्शन दिसले तर कंपायलरने ते 'इंट', म्हणजे पूर्णांक परत करणारे आहे असे गृहीत धरावे. आता समजा, व्याज काढणारे फंक्शन 'डबल', म्हणजे अपूर्णांकातली रक्कम घेते आणि तसलीच रक्कम परत करते. १०,००० रुपये मुद्दल, ८ टक्के दर, ३ वर्षे. सरळव्याज २,४०० रुपये यायला हवे. ओळख दिलेली असेल तर कंपायलर आपण लिहिलेल्या १०,००० या पूर्णांकाचे आपोआप डबलमध्ये रूपांतर करून पाठवतो आणि उत्तर बरोबर येते. ओळख दिलेली नसेल तर तो पूर्णांक तसाच पाठवतो, परत आलेली गोष्टही पूर्णांकच आहे असे समजतो, आणि उत्तर म्हणून भलताच आकडा हाती येतो. प्रोग्रॅम मात्र चालतो! १९९९ च्या मानकाने हे गृहीत धरणे रद्द केले. तरी कंपायलर अनेक वर्षे फक्त इशारा देऊन पुढे जात असत. २०२४ च्या जीसीसी १४ पासून ही मूळ अवस्थेतच चूक धरली जाते. म्हणून जुने प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर अडतात, आणि मुले म्हणतात की नवा कंपायलर वाईट आहे.

बचत गटाचा प्रोग्रॅम

आता आमच्या अभ्यासवर्गात घडलेली हकीकत सांगतो. हेडर फाइलचा खरा उपयोग मला स्वतःला तेव्हाच कळला.

वस्तीतील महिलांच्या बचत गटांचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम मुलांनी करावा असे ठरले. काम दोघांनी वाटून घेतले. साताऱ्याचा एक मुलगा सभासदांची माहिती भरण्याची फाइल लिहीत होता, सांगलीची एक मुलगी शिल्लक दाखवण्याची. दोघांनी फोनवर ठरवले की प्रत्येक सभासदाची नोंद अशी असेल:

स्ट्रक्ट सभासद {
    इंट क्रमांक;
    इंट शिल्लक;
};

दोघांनी ही चार ओळींची व्याख्या आपापल्या फाइलमध्ये हाताने लिहून घेतली. प्रोग्रॅम जोडला, चालला, उत्तरे बरोबर आली. पुढे गट एकाचे तीन झाले. साताऱ्याच्या मुलाने आपल्या फाइलमध्ये 'क्रमांक' आणि 'शिल्लक' यांच्या मध्ये 'इंट गट;' अशी एक ओळ घातली. सांगलीला सांगायचे राहून गेले. परीक्षा चालू होती, दोष देण्यासारखे काही नाही.

पुन्हा जोडणी केली. कंपायलरने एक शब्द काढला नाही, लिंकरनेही नाही. पण पडद्यावर तिसऱ्या गटातील प्रत्येक बाईची शिल्लक ३ रुपये आणि दुसऱ्या गटातील प्रत्येकीची २ रुपये दिसू लागली. मुले घाबरली. महिन्याला शंभर-शंभर रुपये घालणाऱ्या त्या बाया, त्यांतल्या काही या मुलांच्याच आया आणि मावश्या!

कारण कळायला आम्हाला पूर्ण रविवार लागला. संगणकाच्या स्मृतीत ही नोंद म्हणजे ओळीने मांडलेली घरे. साताऱ्याच्या फाइलच्या दृष्टीने घरे तीन होती: क्रमांक, गट, शिल्लक. सांगलीची फाइल अजून दोनच घरे मानत होती आणि शिल्लक दुसऱ्या घरात आहे असे धरून चालली होती. दुसऱ्या घरात आता गट क्रमांक होता. तिने तोच उचलून शिल्लक म्हणून दाखवला. प्रत्येक फाइल आपल्यापुरती अगदी बरोबर होती. कंपायलर एका वेळी एकच फाइल वाचतो, म्हणून त्याला विसंगती दिसली नाही. आणि लिंकर फंक्शनचे फक्त नाव पाहतो. नाव जुळले की तो जोडून मोकळा होतो, नोंदीत घरे किती याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

निदान येथे ३ रुपये आले म्हणून चूक डोळ्यांत भरली. मध्ये घातलेले घर गट क्रमांकाचे नसून महिन्याच्या हप्त्याचे असते, तर प्रत्येकीची शिल्लक १०० रुपये दिसली असती, आणि नव्या सभासद बाईच्या बाबतीत ती खरीही वाटली असती. वहीतला हिशेब आम्ही बंद केला नव्हता म्हणून पैशाचे नुकसान झाले नाही.

यावरचा उपाय म्हणजे हेडर फाइल. 'सभासद डॉट एच' अशी एक फाइल केली. नोंदीची व्याख्या आणि दोघांना लागणाऱ्या फंक्शनांच्या घोषणा तिच्यात, एकदाच. दोन्ही फाइलींतून हाताने लिहिलेल्या ओळी काढून टाकल्या आणि त्या जागी एकच ओळ आली:

#इन्क्लूड "सभासद.एच"

आता घर वाढवायचे असेल तर ते एकाच ठिकाणी वाढते आणि दोन्ही फाइलींना आपोआप दिसते. नमुना सह्यांच्या पुस्तकाची प्रत्येक कारकुनाने आपल्या वहीत हाताने नक्कल करून ठेवली असती तर काय झाले असते, याचा विचार करावा. अधिकारी बदलला, मुख्यालयाने नवी सही पाठवली, पण वहीत जुनीच राहिली. बँकेत असे होऊ देत नाहीत, आणि प्रोग्रॅममध्येही होऊ देऊ नये. दोन फाइलींना समान लागणारी गोष्ट दोनदा लिहायची नाही, हा हेडर फाइलचा खरा हेतू. 'एसटीडीआयओ' ही त्याच जातीची, फक्त दुसऱ्याने लिहून ठेवलेली.

येथे दोन बारकावे आहेत आणि दोन्ही पुस्तकांत लवकर उरकलेले असतात, म्हणून जरा थांबतो. पहिला असा की, ज्या फाइलमध्ये फंक्शनचा प्रत्यक्ष मजकूर आहे, तिच्यातही ती हेडर इन्क्लूड करावी. मुले म्हणतात, त्या फाइलला काय गरज, फंक्शन तर तिथेच आहे! गरज अशी की, तेव्हाच घोषणा आणि डेफिनिशन या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कंपायलरच्या नजरेखाली येतात आणि त्यांच्यात फरक असला तर तो ओरडतो. नाहीतर हेडरमध्ये एक आणि फंक्शनमध्ये दुसरेच असे राहून जाते.

दुसरा बारकावा आम्ही पुन्हा ठेच लागूनच शिकलो. हेडर बदलली, पण फक्त साताऱ्याची फाइल नव्याने कंपाइल केली आणि सांगलीची जुनी तयार फाइल तशीच जोडली. परत तीच गंमत! हेडर बदलली की तिला इन्क्लूड करणारी प्रत्येक फाइल नव्याने कंपाइल झाली पाहिजे. फाइली वाढल्या की हे माणसाच्या लक्षात राहत नाही. यासाठी 'मेक' नावाचे साधन आहे. ते बेल लॅबोरेटरीजमध्येच स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली तयार केले. कोणती फाइल कोणत्या हेडरवर अवलंबून आहे हे त्याला एकदा लिहून दिले की, बदललेल्या तारखा पाहून ते जरूर तेवढ्याच फाइली पुन्हा कंपाइल करते.

हेडर सगळेच पकडते असेही नाही. मुद्दल आणि दर दोन्ही 'डबल' असतील आणि तुम्ही दर आधी व मुद्दल नंतर दिलेत, तर प्रकार जुळतात म्हणून कंपायलर गप्प राहील. संख्या आणि प्रकार एवढेच ते तपासते. अर्थ तपासण्याची जबाबदारी आपली.

दोनदा चिकटण्याचा प्रश्न आणि काय घालू नये

प्रीप्रोसेसर आंधळेपणाने चिकटवतो हे वर सांगितले. समजा 'गट डॉट एच' या हेडरने आत 'सभासद डॉट एच' घेतली आहे आणि मुख्य फाइलने दोन्ही घेतल्या. मग सभासदाची व्याख्या एकाच फाइलमध्ये दोनदा येते आणि कंपायलर तक्रार करतो. नव्या मानकाने अगदी एकसारख्या व्याख्येला थोडी सवलत दिली आहे, पण तीवर विसंबू नये. प्रत्येक हेडरला असे कुंपण घालावे:

#इफएनडेफ सभासद_एच
#डिफाइन सभासद_एच
    (सगळा मजकूर येथे)
#एंडइफ

अर्थ असा की, 'सभासद_एच' हे नाव अजून ठरवलेले नसेल तरच पुढचे वाच, आणि आत शिरताच ते नाव ठरवून टाक. दुसऱ्यांदा हीच फाइल आली तर नाव आधीच ठरलेले असल्यामुळे प्रीप्रोसेसर थेट शेवटच्या ओळीवर जातो. प्रत्येक हेडरचे हे नाव वेगळे हवे. एका विद्यार्थ्याने दोन हेडरना नक्कल करताना तेच नाव ठेवले आणि दुसरी हेडर वाचलीच जाईना.

हेडरमध्ये फंक्शनचा मजकूर आणि चलांची डेफिनिशन घालू नये. 'इंट एकूण;' अशी ओळ हेडरमध्ये लिहिली तर ती प्रत्येक फाइलमध्ये चिकटते. पूर्वी जीसीसी अशी चले गुपचूप एकत्र करून टाकी. २०२० च्या जीसीसी १० पासून तसे न करता लिंकर चूक दाखवतो. त्यावर काहीजण पुढे 'स्टॅटिक' लिहून चूक गप्प करतात. हे तर जास्त वाईट. मग प्रत्येक फाइलला स्वतःचा निराळा गल्ला मिळतो, एकात जमा केलेले दुसऱ्यात दिसत नाही आणि बेरीज जुळत नाही. योग्य रीत अशी की, हेडरमध्ये 'एक्स्टर्न इंट एकूण;' ही फक्त घोषणा असावी आणि 'इंट एकूण;' कोणत्याही एकाच 'डॉट सी' फाइलमध्ये. सह्यांचे पुस्तक सगळ्या शाखांना पाठवतात, रोकड पाठवत नाहीत.

कोनी कंस आणि अवतरणचिन्हे यांतला फरक छोटा आहे. <एसटीडीआयओ.एच> असे लिहिले तर कंपायलर फाइल आपल्या ठरावीक प्रणालीच्या जागी शोधतो. "सभासद.एच" असे लिहिले तर आधी तुमच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये आणि न मिळाल्यास प्रणालीच्या जागी. आपण लिहिलेल्या हेडरला अवतरणचिन्हे वापरावीत.

टर्बो सीची सवय

आपल्या भागातील मुलांसाठी हे स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. महाराष्ट्रातील एक मोठी पिढी बोरलँड कंपनीच्या टर्बो सीवर शिकली. निळा पडदा, पांढरी-पिवळी अक्षरे. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक हातात आणि समोर तो पडदा, हे चित्र माझ्या वयाच्या अनेकांच्या ओळखीचे आहे. टर्बो सी १९८७ साली आले, डॉस या कार्यप्रणालीसाठी. पुढे संगणक बदलले तरी डॉसचा आभास निर्माण करून कितीतरी वर्षे तेच शिकवले गेले. त्यामुळे दुसरी ओळ म्हणून 'कोनिओ डॉट एच' पाठ झाली, 'सीएलआरएससीआर' आणि 'गेट सीएच' हातात बसले. ही हेडर 'सी'च्या कोणत्याही मानकात नाही. ती डॉसच्या पडद्यासाठी आणि कळफलकासाठी होती. म्हणून लिनक्सवर ती फाइल सापडत नाही आणि मुले म्हणतात की माझा बरोबर प्रोग्रॅम इथे चालत नाही. बारावीच्या संगणकशास्त्राला 'सी प्लस प्लस' शिकताना 'आयओस्ट्रीम डॉट एच' लिहिणाऱ्यांची तीच अडचण. १९९८ च्या मानकात त्या हेडरच्या नावातले 'डॉट एच' गेले.

टर्बो सी प्लस प्लसच्या तिसऱ्या आवृत्तीत फाइल आपोआप 'सीपीपी' म्हणून साठवली जाई. अशा फाइलमध्ये हेडर विसरले की 'फंक्शन प्रिंटएफ शुड हॅव अ प्रोटोटाइप' असा संदेश येई. आम्ही तेव्हा तो वाचून नुसतीच पहिली ओळ घालत असू. खरे म्हणजे त्या संदेशात सगळे उत्तर होते. प्रोटोटाइप म्हणजे पूर्ण घोषणा, म्हणजेच सहीचा नमुना.

पुढील रविवारसाठी

रोजच्या कामाला लागणाऱ्या मानक हेडर फार नाहीत. अक्षरमाळांसाठी 'स्ट्रिंग', स्मृती मागणे व संख्यांतराचे काम यांसाठी 'एसटीडीलिब', एकेका अक्षराच्या तपासणीसाठी 'सीटाइप', तारीख-वेळेसाठी 'टाइम', पूर्णांकाच्या मर्यादांसाठी 'लिमिट्स'. प्रत्येक फंक्शनची हेडर कोणती हे लिनक्सवर 'मॅन' या आज्ञेने पहिल्या काही ओळींतच समजते. पाठ करण्याची जरूर नाही.

विद्यार्थ्यांनी घरून हे करून यावे. पहिले, 'एसटीडीआयओ डॉट एच' प्रत्यक्ष उघडून प्रिंटएफची ओळ वहीत उतरवून आणावी. लिनक्सवर ती 'यूएसआर' मधील 'इन्क्लूड' या फोल्डरमध्ये असते. दुसरे, वर दिलेल्या सभासदाच्या दोन फाइली हेडरशिवाय लिहाव्यात, एकीत मुद्दाम 'गट' हे घर घालावे, आणि चूक स्वतः घडवून पाहावी. मग हेडर करून ती दुरुस्त करावी. तिसरे, दुरुस्तीनंतर हेडरमध्ये आणखी एक घर घालून एकच फाइल कंपाइल करावी आणि काय होते ते लिहून आणावे. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी शनिवारी संध्याकाळी विहाराच्या वाचनालयात यावे. तेथील दोन्ही संगणकांवर जीसीसी घातलेले आहे, आणि मी बँक सुटल्यावर तेथे येतो.